बंबाशेजारची अंडी

कोरोना हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो कोंबड्यांच्या सर्दीवरून. नव्वदचं दशक होतं. सांगलीच्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि तिथल्याच एका सरांच्या हाताखाली संशोधनाला लागले. कोंबड्यांना खोकला-सर्दी करणारा एक कोरोना विषाणू असतो. माणसांना तो काही करत नाही. चेंडूवर चहूबाजूंनी काटे उगवावेत तसा तो दिसतो आणि त्या काट्यांनीच कोंबडीच्या घशातल्या पेशींना धरतो. काटा प्रथिनाचा असतो आणि हळूहळू बदलत जातो. आमच्या भागातल्या विषाणूचा काटा लशीतल्या विषाणूसारखाच आहे की वेगळा, एवढंच आम्हाला बघायचं होतं. 'एवढंच' हा शब्द सरांचा.

तासगावजवळ एका रिटायर हवालदारांची पोल्ट्री होती. लस पाजूनही त्यांच्या कोंबड्या शिंकत होत्या आणि सुरकुतलेली, वेडीवाकडी अंडी घालत होत्या. कोंबडीच्या घशात कापसाचा बोळा फिरवून नमुना घ्यायला मी तिथं गेले. हवालदारांनी एकेक कोंबडी काखेत धरून हुकूम सोडला, "मान वर! हलायचं न्हाई!" कोंबडी खरंच हलली नाही. माझा बोळा मात्र दोनदा चोचीबाहेरच फिरला.

"बाई, तुमी भिऊ नगासा," ते म्हणाले. "ती बी नवीनच हाय."

नमुने मिळाले. पुढच्या चाचणीला गर्भ असलेली अंडी लागणार होती. लस घेतलेल्या कोंबडीच्या रक्तातलं सीरम विषाणूत मिसळायचं आणि अंड्यात गर्भ दहाएक दिवसांचा झाला की ते मिश्रण आत टोचायचं. सीरमनं काटे पकडले तर गर्भ नीट वाढतो, नाही पकडले तर आक्रसून त्याचं मुटकुळं होतं. उंब्रजजवळच्या हॅचरीतून अंडी आणून आम्ही इन्क्युबेटरमध्ये मांडली आणि दोन-तीन दिवसांतच इन्क्युबेटर जळाला. दुरुस्तीचा माणूस पुण्याहून यायचा होता.

सर म्हणाले, "ही तुम्ही साताऱ्याला तुमच्या घरी न्या. उबेत ठेवा."

"सर, आमच्या घरात अंडं येत नाही."

"माझ्याही येत नाही. पण तुम्हाला तुमची आई घराबाहेर काढणार नाही. मला आमची ही काढेल."

थर्मोकोलचा खोका मांडीवर घेऊन मी एस.टी.त बसले. शेजारच्या मावशींनी विचारलं, "काय गं, काय हाय त्यात?"

"अंडी."

"उकडल्याली?"

"नाही, जिवंत आहेत."

मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि आपली पिशवी पलीकडच्या बाजूला घेतली. कराडला उतरताना मात्र म्हणाल्या, "जप गं. लय खड्डं हायती फुडं."

घरी आईनं खोका उंबऱ्यातच अडवला. मी सगळं समजावून सांगितल्यावर तिनं न्हाणीघरात, पाणी तापवायच्या बंबाशेजारची जागा दिली. अट एकच, स्वयंपाकघराकडे तोंड करून ठेवायची नाहीत. अंड्याचं तोंड कुठल्या बाजूला असतं हे मी तिला विचारलं नाही.

वडील शाळेत गणित शिकवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी न्हाणीघरात जायचंच टाळलं. दुसऱ्या दिवशी दारातूनच विचारलं, "ऊब किती लागते?" मी सांगितलं, साधारण नव्व्याण्णव पॉइंट पाच फॅरनहाइट. ते आत जाऊन घरातला तापाचा थर्मामीटर घेऊन आले. मग लाकडी पेटी, साठचा बल्ब, पाण्याची वाटी हे सगळं त्यांनीच जमवलं. मी पेन्सिलीनं अंड्यांवर एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला होता. त्याप्रमाणे ते शाळेत जाताना, आल्यावर आणि झोपताना अंडी फिरवू लागले. त्यांच्या हातातला थर्मामीटर बघून शेजाऱ्यांनी दारातून "सगळं ठीक ना?" विचारलं, तर म्हणाले, "ठीक आहे. सकाळी जरा कणकण होती."

मग माझ्या हातून एक गोष्ट घडली. अंड्यात गर्भ वाढतोय की नाही ते अंधारात टॉर्च लावून बघतात. मी बघत होते तेव्हा वडील मागे येऊन उभे राहिले. तांबूस उजेडात लाल शिरांचं जाळं होतं आणि मधोमध एक ठिपका उडत होता.

"ते काय?"

"हृदय."

त्यांनी टॉर्च माझ्याकडून घेतला आणि एकेक करून सहा-सात अंडी पाहिली. मग विचारलं, "यांचं पुढं काय करणार?" मी सांगितलं. टॉर्च बंद झाला.

"ज्यांचं काळीज मी पाहिलंय त्यांना सुई टोचायला मी देणार नाही."

"बाबा, त्यावर चाचणी आहे. हजारो कोंबड्या शिंकतायत."

"त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे."

दिवसभर आम्ही दोघं आपापली बाजू आईला सांगत राहिलो. शेवटी आईनं निकाल दिला, "यांनी पाहिलेली यांच्याकडे राहू देत. न पाहिलेली तू घेऊन जा. आणि आता टॉर्च माझ्याकडे द्या."

उरलेली अंडी घेऊन मी सांगलीला गेले. इन्क्युबेटर दुरुस्त झाला होता. चाचणी केली, आठवडाभरानं अंडी फोडली. लशीच्या सीरमनं ज्या गर्भांना वाचवायला हवं होतं, ते आक्रसून गेले होते. काटा वेगळा होता. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "पुन्हा करा." पुन्हा केली. तेच आलं. त्या दिवशी सरांनी सगळ्यांना भडंग आणि चहा दिला.

हवालदारांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी आमी जुना फोटू घिऊन पहाऱ्याला हुबं, आन् दुश्मन मिशा कापून आत शिरला, व्हय?"

इकडे साताऱ्यात, आईची पूजा चालली असताना न्हाणीघरातून चिवचिव आली. पाच पिल्लं निघाली. आईनं घंटा खाली ठेवली आणि पहिल्यांदा विचारलं, "यांना काय भरवायचं?" मग तांदळाच्या कण्या आल्या. पिल्लं वडिलांच्या मागे गच्चीपर्यंत जाऊ लागली. महिन्याभरात घर पुरेना, तेव्हा हवालदार मोटारसायकलला वेताची पाटी बांधून आले. आजारी शेडपासून लांब, घरच्या अंगणात ठेवायची, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. वडिलांची अट वेगळी होती.

"कापायची नाहीत."

"गुरुजी, पेन्शनीवर ठिवतो. मरंस्तवर."

द्राक्षांच्या दिवसांत वडील मुद्दाम तासगावला गेले. मी बरोबर होते. हवालदारांनी अंगणातला एक उंच, तांबडा, तुरेबाज कोंबडा दाखवला. "ह्यो तुमचा, गुरुजी. वळाखला न्हवं?"

"डोळ्यांवरून लगेच," वडील म्हणाले आणि खाली बसून त्याला कण्या घालू लागले.

आमची पिल्लं झाडून सगळी पांढऱ्या जातीची होती. मी हवालदारांकडे पाहिलं. ते द्राक्षबागेकडे बघत मला म्हणाले, "बाई, औंदा माल लय ग्वाड हाय. खाऊन बघा की."

मी खाऊन पाहिला. गोड होता.