आधी त्यांच्या हातचं पाणी

बातमी आली तेव्हा मी लंडनमधल्या हाउन्सलोच्या हाय स्ट्रीटवर पत्रकं वाटत होते. जीपीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट मिळत नाही, त्याबद्दलची. लाल अक्षरं, ढीगभर उद्गारचिन्हं, माझी नेहमीची पद्धत. बर्मिंगहॅमहून सुनंदामावशीच्या अश्विनीचा फोन आला. "ताई, आई गेली. झोपेतच..." आणि मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "पण फातमाताचा मेसेज ऐकून गेली गं. पुन्हा पुन्हा लावायला सांगत होती." रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं. ज्यांना हे विचित्र वाटेल त्यांनी पुढचं वाचावं.

सुनंदामावशी माझ्या आईची मैत्रीण. दोघी नागपूरहून नर्सिंग करून इथे आल्या, रविवारी विहारात शेजारी बसायच्या. लेक अश्विनी मोठी झाल्यावर मावशीने हॉस्पिटलची नोकरी सोडली आणि सिएरा लिओनमधल्या एका खेड्यातल्या दवाखान्यात गेली. सुट्टीपुरती इकडे यायची. तिच्या घरी गेलं की खिडकीजवळच्या खुर्चीतून पहिलं वाक्य ठरलेलं, "आलीस? मला जरा पाणी दे." कोणीही येवो, मीटर बघायला आलेला माणूससुद्धा सुटायचा नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "मावशी, पाहुण्यालाच कामाला लावतेस?" ती हसली. "अगं, सवय झालीय तिकडची."

तिकडे दवाखान्याच्या दारात नळ लावलेली गाळलेल्या पाण्याची बादली असायची. आजाऱ्याला घेऊन जो येईल त्याने आधी एक मग भरून मावशीला द्यायचा. तो ती सगळ्यांसमोर संपवायची, मगच हात धुऊन तपासायला घ्यायची. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. हे तिच्या आजीकडून आलं होतं. विदर्भातल्या गावात साथ आली तेव्हा आमच्या वस्तीत औषध वाटायला आलेल्याने गोळ्या लांबूनच फेकल्या. आजीने त्या गोळा केल्या आणि चुलीत टाकल्या. गाव म्हणालं, अडाणी बाई! मावशी मला म्हणायची, "जो तुझ्या हातचं पाणी पीत नाही, त्याच्या हातची गोळी तू खाशील का?"

या प्रश्नाचं उत्तर मला आजवर एकाही परिसंवादात मिळालेलं नाही. तिथे 'लोकांचा आरोग्यव्यवस्थेवरचा विश्वास कमी आहे' असं म्हणतात, जणू विश्वास म्हणजे लोकांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन, कमी पडलं की वाढवायचं. व्यवस्थेने त्यांच्यावर कधी विश्वास ठेवला, हे विचारलं की चहाची सुट्टी होते.

मग इबोला आला. बादली आत गेली. हातचं पाणी तर सोडाच, हाताला हात लावायचा नाही. मावशी डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये, रस्त्यावर बंदूक घेतलेले सैनिक, आत नेलेलं माणूस बाहेर येईना. "मला ते करावंच लागलं गं," ती सांगायची, "पण माझ्याकडे लांबून बघणाऱ्या बायकांच्या जागी मला माझी आजी दिसायची." साथ संपली, तरी बायका बाळंतपणाला येईनात. घरीच अडायच्या, घरीच दगावायच्या. मी तावातावाने म्हटलं, "मी पोस्टर करून देते, 'अफवांना बळी पडू नका!'" मावशी भडकली. "अफवा कुठली? बंदुका खऱ्या होत्या ना? तुझी उद्गारचिन्हं ठेव तुझ्याजवळ." तिने बादली पुन्हा दारात ठेवली आणि शेजारच्या बाकावर जाऊन बसली. कोणी येईपर्यंत बसायची. हळूहळू आले.

पण आले ते तिच्यासाठी. हीच तिची धास्ती होती. कॅन्सर झाल्यावर ती कायमची बर्मिंगहॅमला परतली आणि दवाखाना फातमाताकडे गेला. फातमाता त्याच भागातली, हुशार नर्स. पण अंगावर सरकारी गणवेश, आणि साथीत आजाऱ्यांना न्यायला दारं ठोठावत आलेल्यांच्या अंगावरही तोच होता. सरकारकडून औषधं कधी येत, कधी नाही; बोलणी मात्र फातमातालाच. मी भेटायला गेले की मावशी स्वतःच्या स्कॅनबद्दल बोलायची नाही. "बाया येतायत का, एवढं सांगा मला. माझ्यामागे दवाखाना ओस पडला तर मी तिथे काय केलं? नुसती स्वतःची पूजा करून घेतली?" मी म्हटलं, "असं काय बोलतेस?" ती म्हणाली, "खरं तेच बोलतेय. तू पत्रकात लिहितेस तसं."

आणि शेवटच्या आठवड्यात तो व्हॉइस मेसेज आला. फातमाता हसत, धापा टाकत सांगत होती, "सिस्टर, एक सासू सुनेला घेऊन आली, कळा सुरू झालेल्या. मी घाईत सुनेला धरायला गेले तर म्हातारीने मलाच झापलं. म्हणाली, 'थांब! आधी माझ्या हातचं पाणी पी, मग हिला हात लाव. तुला कोणी शिकवलं नाही का?' मी प्याले, सिस्टर. मुलगी झाली. आता बाहेर अजून दोघी बसल्यात, बाकावरच्या जागेवरून भांडतायत."

अश्विनी सांगते, मावशी डोळे मिटून ऐकत होती. "भांडतायत?" तिने विचारलं. "मग उत्तम चाललंय." त्या म्हातारीने मावशीचं नावही काढलं नव्हतं, यावर तर ती सगळ्यात खूश होती.

परवा अश्विनीकडे गेले होते. खुर्ची खिडकीजवळच आहे. कोट काढायच्या आधीच मी स्वयंपाकघरात गेले, तिचा स्टीलचा पेला भरला आणि खुर्चीपाशी येऊन उभी राहिले... मग लक्षात आलं. पेला घेऊन मी तशीच उभी. अश्विनीने माझ्याकडे पाहिलं, हात पुढे केला आणि उभ्याउभ्याच सगळं पाणी पिऊन टाकलं.

"हं," ती म्हणाली, "आता बस."