पडवीतली पिसं

लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्ही नाशिकला आग्रा रोडच्या कडेला राहत होतो, द्वारका चौकाच्या जवळ. आज तिथे रस्ता ओलांडायचा म्हणजे जीव मुठीत धरावा लागतो. तेव्हा आमच्या घरामागे पेरूची बाग होती, वीज आलेली नव्हती आणि संध्याकाळ झाली की बैलगाड्यांच्या घुंगरांखेरीज आवाज नसायचा. आमचे हे कचेरीत कारकून. घर भाड्याचं, कौलारू, पुढे लांब पडवी.

शेजारी पिंजाऱ्यांचं घर होतं. एक विधवा म्हातारी आणि तिचा तरणा मुलगा. मुलगा धनुकली खांद्यावर टाकून खेडोपाडी कापूस पिंजायला जायचा आणि ती घरी बसून गाद्या-रजया शिवायची. सगळी आळी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. तिच्याकडे एक मांजर होती. राखाडी, पाय तेवढे पांढरे, जणू चुन्यातून चालत आल्यासारखे. खाला टाके घालत बसली की ती कापसाच्या ढिगावर पसरलेली असायची.

आमच्या पडवीत दत्ताच्या तसबिरीमागे चिमण्यांनी घरटं केलं होतं. नव्या गावात माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. हे कचेरीत गेले की दिवसभर त्या चिमण्यांचीच सोबत. त्यांच्यासाठी मी रोज तांदळाच्या कण्या टाकत असे.

पावसाळा सरत आला होता. एके दिवशी सकाळी झाडायला गेले तर पडवीच्या तुळईखाली पिसं पडलेली. चिमणीचीच. शेजारी एक काटकीसारखा पाय आणि भिंतीवर रक्ताचे दोन-चार शिंतोडे. तसबिरीमागे पाहिलं तर घरट्यात नर एकटाच होता. मला रडूच कोसळलं. दुसऱ्या दिवशी पालीचं शेपूट, मग टोळाचे पंख, मग पुन्हा पिसं. सगळं त्याच तुळईखाली. इतकं चमत्कारिक उष्टं एका जागी टाकणारं जनावर कोणतं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मी नीट पाहिलंच नाही. झाडून टाकलं आणि तडक खालाकडे गेले.

"खाला, तुमची मांजर आमच्या चिमण्या खाते."

तिने सुई थांबवली. "नाही बेटी. रातभर माझ्या पायाशी असते ती. दार मी स्वतः लावते."

"मग पिसं कुठून येतात? रोज सकाळी मला झाडावी लागतात."

"दुसरी असंल कुठली. एवढी मांजरं फिरतात."

"दुसरी मी कधी पाहिली नाही. तुमची तर दिवसातून चारदा आमच्या पडवीत येते."

ती तर खरंच यायची. मीच तिला दुधाची साय घालत असे. पण त्या वेळी ते मी बोलले नाही. माझा आवाज चढला होता आणि समोरच्या घरातून लोक डोकावू लागले होते. त्या आळीत पिंजाऱ्यांचं घर एकच होतं. खालाने एकवार समोर पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बरं. तू जा. मी बघते."

चार दिवसांनी मांजर दिसेना, म्हणून मी खालाच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "ओझरला कामाला गेलो होतो ना, पोत्यात घालून नेली आणि सोडून दिली. अम्मी म्हणाली, शेजार राखायचा आहे." त्याच्या हातावर ओरखडे होते. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण सुटल्यासारखंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी तुळईखाली पुन्हा पिसं होती.

मी केरसुणी हातात घेऊन तशीच उभी राहिले. ह्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग दुसरी असेल एखादी." अगदी खालाचेच शब्द.

त्या संध्याकाळी दिवेलागण झाल्यावर मी कंदील मंद करून आतल्या दाराआड ठेवला आणि उंबऱ्याशी बसले. मांजरीची वाट पाहत होते, जमिनीवर नजर लावून. आधी कौलांच्या फटींतून बोटभर वटवाघळं सुळसुळत बाहेर पडली. ती रोजचीच, चिलटांमागे गरगर फिरणारी. मग वरून, खूप उंचावरून, मोठी वाघळं नदीकडून पेरूच्या बागेकडे संथ पंख मारत गेली. तीही ओळखीची. आणि मग काहीतरी जमिनीला लागून आलं. अंगणातल्या तुळशीच्याही खालून, अजिबात आवाज न करता. पडवीत शिरलं, वर उठलं आणि तुळईला उलटं लटकलं.

वाघूळच होतं. पण असं मी कधी पाहिलं नव्हतं. ना ते बोटभर, ना ते थोरलं. हाताच्या ओंजळीएवढं, राखी रंगाचं. कान केवढाले, सशासारखे, आणि कपाळावर एकमेकांना जोडलेले. नाकावर पानासारखी उभी पाकळी. तोंडात पाल होती. ते ती सावकाश, करकर आवाज करत खात होतं आणि मध्येच शेपूट खाली टपकलं.

मी तशीच बसून राहिले. भीती वाटली नाही. जे वाटलं ते भीतीहून वाईट होतं.

सकाळ झाल्या झाल्या खालाकडे जायचं ठरवलं होतं, पण पाय निघेना. भाजी चिरली, पाणी भरलं, पुन्हा पाणी भरलं. शेवटी दुपारी गेले. ती रजई शिवत होती. कापसाचा ढीग मोकळाच होता.

"खाला, ती तुमची मांजर नव्हती. वाघूळ होतं. मी डोळ्यांनी पाहिलं."

तिने मान वर केली नाही. "वाघूळ चिमणी खातं?"

"हे खातं."

"दाखव मला."

संध्याकाळी ती आली. आम्ही दोघी उंबऱ्याशी बसलो. वाघूळ आलं, लटकलं आणि बेडूक खाऊ लागलं. खालाने पदर तोंडाला लावून ते सगळं पाहिलं. जाताना एवढंच म्हणाली, "ओझरला जाऊ या का?"

ह्यांना हे मुळीच पसंत नव्हतं. "मांजरीसाठी ओझर? लोक हसतील." पण मी हट्टच धरला. दोन दिवसांनी खाला, तिचा मुलगा आणि मी बैलगाडीने ओझरला गेलो. मुलाने जिथे पोतं उघडलं होतं तिथे एका शेतकऱ्याचं खळं होतं. आणि खळ्याच्या कुडावर, उन्हात, ती बसलेली होती. मला इतका आनंद झाला की मी हाकच मारली.

घरातून एक बाई आली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लय उंदरं मारते. पोरं बी लळा लावून बसलीत. पर तुमची हाय म्हनता, तर न्या."

खाला पुढे झाली. मांजरीने तिचा हात हुंगला, अंग घासलं. मग मुलगा जवळ आला, त्याच्या हातात पोतं होतं. ते दिसताच ती कुडावरून उडी मारून पेंढ्यांच्या गंजीत घुसली. खालाने किती हाका मारल्या! बाहेर आली नाही.

"राहू दे," खाला शेवटी म्हणाली. "पुन्हा पोत्यात नाही घालायची तिला."

परतताना मुलाने रिकामं पोतं घडी करून अंगाखाली घेतलं.

हिवाळ्यात खालाच्या घरात उंदीर झाले. गिऱ्हाइकाची तयार रजई त्यांनी कोपऱ्यातून कुरतडली. मी तिच्याजवळ बसून ती उसवायला आणि पुन्हा भरायला मदत केली. माझे टाके वाकडे पडत, ती ते उसवून पुन्हा घालत असे.

आणि तरी मी वाघळाला हाकललं नाही. हे तुळईला गोणपाट ठोकणार होते, मीच नको म्हणाले. संध्याकाळी स्वयंपाक उरकून उंबऱ्याशी बसायची मला सवयच लागली होती. ते दिवसा पेरूच्या बागेतल्या पडक्या मोटेच्या विहिरीत, कपारीत राहतं, हे मी शोधून काढलं. तिथे तसली आणखीही होती. उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांतल्या एकीच्या छातीला पिल्लू चिकटलेलं पाहिलं. उडण्याच्या तऱ्हेवरून, अंधुक उजेडातसुद्धा, तिन्ही जातींची वाघळं मला वेगवेगळी ओळखता येऊ लागली. तसबिरीमागची चिमणी त्या वर्षी दोनदा गेली. मी पिसं झाडली, वाईट वाटून घेतलं आणि संध्याकाळी पुन्हा उंबऱ्याशी बसले.

एकदा खाला वाटीभर शेवया द्यायला आली होती. पिसं अजून झाडायची होती. तिने ती पाहिली.

"ह्याला काही बोलत नाहीस?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

"ते जनावर आहे, खाला. त्याला काय कळतं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी काय बोलले ते माझं मला तेव्हा कळलं आणि कान तापले. हातातली शेवयांची वाटी कुठे ठेवावी ते सुचेना.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या दूधवाल्याच्या गोठ्यात मांजरीला पिल्लं झाली. मी एक राखाडी पिल्लू निवडलं, टोपलीत घातलं आणि खालाकडे घेऊन गेले. तिने ते उचलून मांडीवर घेतलं. कितीतरी वेळ त्याच्या कानामागे खाजवत बसली. पिल्लू झोपलंसुद्धा.

मग तिने ते अलगद उचललं आणि माझ्या टोपलीत परत ठेवलं.

"नको बेटी," ती म्हणाली. "उद्या कुणाचं काही गेलं, तर मी पुन्हा काय सांगू?"