गिअरबॉक्समधली केळी

आमची गाडी ओरडायची. हॉर्न नव्हे. तो बिचारा कधीच गेला होता आणि त्याची उणीव कोणाला भासली नाही. ओरडायचा तो गिअरबॉक्स. तिसऱ्या गिअरमध्ये ती गळा काढायची तेव्हा शेजारच्या गावातली कुत्री साथ धरायची. महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या लिलावात निघालेला हा छोटा ट्रक, पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा. यावलकडच्या आमच्या बागेतून केळीचे घड स्टेशनवर पोचवायला आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो घेतला आणि घरात मॅट्रिकला गेलेला तेवढा मीच म्हणून माझ्या हाती दिला. मॅट्रिकला गेलेला, पास झालेला नव्हे. गिअरबॉक्सला हा फरक लगेच कळला.

त्याचं तेल गळतंय हे मला दिसत होतं. गाडी उभी राहील तिथं खाली काळा ठिपका पडायचा. मी त्यावर नामी उपाय काढला होता. बैलगाडीच्या आसाला आपण एरंडेल देतो, मग गिअरबॉक्स म्हणजे तरी काय, पेटीत बंद केलेला आसच. तेव्हा गड्यानं बैलगाडीसाठी आणलेलं एरंडेल मी अधूनमधून त्यात ओतायचो आणि आपण मोठे कारागीर आहोत असं समजून शीळ घालत निघायचो. उतार आला की पेट्रोल वाचवायला गिअर काढून गाडी मोकळी सोडायची, खाली पोचलं की धावत्या गाडीतच खाडकन गिअर टाकायचा. उरलेला वेळ डावा हात गिअरच्या दांड्यावर, बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा प्रेमानं टेकलेला. इतक्या लाडानंतर कोणीही ओरडलं असतं.

अशात बहिणीला धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा सर्वांना आवडला होता, राहिलं होतं मुलाचं घर पाहणं. आमच्याकडे मोठी माणसं घर पाहून येतात, आणि पसंती तिथंच, उंबऱ्यातून निघताना सांगायची असते. सांगितली नाही तर नकार समजायचा. घर पाहायला बैलगाडीनं जायला धुळं काही जवळ नव्हतं. आबा आदल्या दिवशी ट्रककडे बराच वेळ बघत उभे राहिले आणि मग मला म्हणाले,

"व्याह्याच्या दारात हिनं गळा काढला ना, तर मी तिले तिथीच विकून टाकीन. मंग तू बैल हाकजो."

आबा बोलले की बोलले. बागेतलं विहिरीचं इंजिन त्यांनी असंच एकदा बोलून विकलं होतं. इकडे त्या ट्रकवाचून मी म्हणजे कोण? गावात मला ओळखायचे ते 'ट्रकवाला' म्हणून. त्याआधी 'नापास' म्हणून ओळखायचे.

पाचोऱ्याला कापसाच्या गाठी भरताना एका ड्रायव्हरनं मला युक्ती सांगितली होती. खराब गाडी विकताना गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा घालतात, दोन दिवस आवाज बंद. आता घरात भुसा कुठला मिळायला? सुताराकडे गेलो असतो तर गावभर झालं असतं. पण आमच्याकडे एका गोष्टीला कधी तोटा नसतो. केळी पिकायला घालायच्या खोलीतून मी मऊ मऊ काढली, सोलली आणि झाकणाच्या भोकातून एकेक आत सोडली. ती अशी घसरत गेली की त्या भोकाचा जन्मच त्यासाठी झाला असावा. सकाळी गाडी चालू केली. काय सांगू, मांजरीसारखी गुरगुरली. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नम्र चेहरा केला. तो मला तेव्हापासून कधी जमला नाही.

केबिनमध्ये मी आणि आबा, मागे हौद्यात सतरंजीवर आई, आत्या आणि आबांचे चुलतभाऊ नाना. एरंडोल गेलं, सगळं झकास. पारोळ्याच्या आसपास केबिनमध्ये गोडसर वास सुटला. आबांनी नाक वर केलं. मागून आत्यानं विचारलं, पुढं कोणी हलवा करतंय का? मी म्हणालो, शेतातून येत असेल. आबा म्हणाले की दोन्ही बाजूंना कापूस आहे. मी गाडी जरा जोरात सोडली, तर वास आणखी खमंग झाला.

धुळ्याच्या जकात नाक्यावर कारकून आला, त्यानं हौद्यात डोकावलं आणि हुंगलं.

"केळी आणलीत. जकात भरा."

नाना म्हणाले, एक केळं दाखवा. कारकुनानं सतरंजी झटकली, आत्याची पिशवी उपसली, सीटखाली हात घातला. केळं नाही. पण वास तर असा की नाक्यावरची माणसंसुद्धा गोळा झाली. तो गाडीखाली वाकला तेव्हा माझं काळीज गिअरबॉक्सच्याही खाली गेलं. आबांनी मात्र आयुष्यात पहिल्यांदा माझी बाजू घेतली. आम्ही केळीवालेच आहोत, अंगाला वास येणारच, म्हणून ते त्या कारकुनावर असे कडाडले की त्यानं कंटाळून सांगितलं, गाडी मागं घ्या, दुसऱ्यांना येऊ द्या.

मी मागे घेतली. आणि ती मागेच राहिली. दांडा उलट्या गिअरमधून हलेना. क्लच दाबला, सोडला, दांडा आधी लाडानं, मग दोन्ही हातांनी ओढला. आत काहीतरी शिजून घट्ट झालं होतं. आबांना मी एवढंच म्हटलं की इथून उलटं गेलं तर जवळ पडतं.

अशी आमची स्वारी धुळे शहरात पाठमोरी शिरली. मागचं मला दिसेना, म्हणून आत्यानं हौद्यात उभं राहून ताबा घेतला. त्या पानवाल्याकडं घे. आता सायकलीकडं. आता शेळीकडं घे, म्हणाली, तर शेळीच उठून पळाली आणि मी तिच्या मागे एका बोळात. पोरं टाळ्या पिटत धावत होती. आई पदरात तोंड खुपसून हसत होती. आबा समोरच्या काचेतून, मागे पडत जाणाऱ्या धुळ्याकडे ताठ मानेनं बघत होते.

व्याही दारात स्वागताला उभे. त्यांच्यासमोर आधी आली आत्या. ते नुसतं म्हणाले, आमच्याकडं आजवर कोणी असं आलं नव्हतं. माणूस उमदा होता. गल्लीतल्या मेकॅनिकला त्यांनी लगेच बोलावून घेतलं आणि आम्हाला पानावर बसवलं. पाहुणे केळीच्या मुलखातले म्हणून मुद्दाम शिकरण केलं होतं. मला वाटीकडे बघवतही नव्हतं, तोच कोपरापर्यंत माखलेले हात घेऊन मेकॅनिक दारात आला. सगळ्यांच्या वाट्या त्यानं एकदा न्याहाळल्या.

"भाऊ, जे आठे वाटीमा शे, तेच तठे गिअरबॉक्समा शे."

पंक्तीत कोणी घास उचलेना. आत्यानं हळूच विचारलं, आपल्याच खोलीतली का रे? मी मान हलवली. ती म्हणाली, तरीच वास ओळखीचा वाटला.

मेकॅनिकला आता अवसान चढलं. त्यानं रॉकेलनं पेटी धुतली आणि धुताना व्याख्यान दिलं, तेही अंगणात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. गिअरचं तेल जाड असतं, तेच घालायचं आणि गळती दिसली की आधी ती बंद करायची. क्लच पुरता दाबल्याशिवाय दांड्याला हात लावायचा नाही, आणि लावला तर काम झाल्यावर काढून घ्यायचा. उतारावर गिअर सोडायचा नाही. प्रत्येक वाक्यानंतर आबा माझ्याकडे बघत. शेवटी त्यानं खरं तेल भरलं, पण दात झिजलेत, नवे मुंबईहून येईपर्यंत गाडी ओरडणारच असं स्पष्ट सांगितलं.

म्हणजे व्याह्यांच्या दारातच ओरडणार. संध्याकाळी सगळे चढून बसले. व्याही, त्यांची माणसं, अर्धी गल्ली निरोपाला उभी. घराबद्दल आबा अजून एक शब्द बोलले नव्हते आणि गाडीबद्दलही. मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. केळ्यांनी दिवसभर दाबून ठेवलेला गळा एकदम मोकळा झाला. समोरच्या घरातलं बाळ रडायला लागलं. व्याही दचकून केबिनच्या खिडकीशी आले.

"आबा, हिला काय झालं हो?"

आबांनी त्या घराकडे, उंबऱ्यातल्या माणसांकडे नीट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. बैलाचा कासरा माझ्या हातात आलाच, असं मला वाटलं.

"काही नाही," आबा म्हणाले. "तुमचं घर लय पसंत पडलं तिले. निघायले तयार नाही, म्हनून रडू ऱ्हायली."

मग व्याह्यांनी हात जोडले, आतून कोणीतरी साखर आणायला पळालं, हौद्यात आई रडायला लागली आणि आत्या तिला हसू लागली. पसंती गाडीनं सांगितली होती. आता तिला विकणार कोण आणि कुठल्या तोंडानं? तोंडात साखर घेऊन मी गल्लीच्या टोकापर्यंत पहिल्याच गिअरमध्ये गेलो, दोन्ही हात चाकावर, आणि आबा शेजारी बसून प्रत्येक दारातल्या माणसांना नमस्कार करत होते.