कुलपातल्या खुर्च्या

आमच्या संघात प्रत्येकीकडे चाकाच्या दोन खुर्च्या असतात. एक रोजची, घरात आणि बाजारात फिरायची. दुसरी खेळायची, क्लबची. खेळायच्या खुर्चीची चाकं खालून फाकलेली असतात, म्हणजे गर्रकन वळलं तरी ती उलटत नाही. बास्केटबॉलला झकास. पण ती साध्या दारातून जात नाही, आणि आमच्या मैदानावरच्या संडासाचं दार तर इतकं अरुंद की रोजची खुर्चीसुद्धा अंग चोरून आत शिरते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा गोंधळ या दारापाशी आहे.

सर म्हणजे आमचे कोच. त्यांच्याबद्दल वाकडं लिहायला हात धजत नाही. अपघातानंतर मी रांझीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवत होते. तेवढंच काम उरलं होतं. एक दिवस हा माणूस दारात उभा राहिला. "माताजी, बिटिया को खेलने भेजिए." आईने चहासुद्धा विचारला नाही. ते पुन्हा आले, पुन्हा आले. शेवटी त्यांना चहा मिळाला आणि मला मैदान. आज मी एकटी बाजारात जाते, भाजीवाल्याशी मनसोक्त भांडते, ते त्यांच्यामुळे.

मग एकदा मैदानाच्या कडेला ठेवलेली एकीची रोजची खुर्ची चोरीला गेली. भंगारात विकली असणार कोणीतरी. तिला उचलून ऑटोत बसवावं लागलं. सर इतके हळहळले की दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या रोजच्या खुर्च्या स्टोअरमध्ये, दाराला कुलूप आणि चावी त्यांच्या खिशात. आम्हाला केवढं बरं वाटलं होतं! सख्ख्या भावाने केली नसती एवढी काळजी, असं मीच आईला सांगितलं.

पुढे कधी, कसं, ते सांगता येत नाही. "पहले बास्केट, फिर कुर्सी," सर हसत म्हणायला लागले. आम्हीही हसायचो. पास चुकला की खिशातली चावी वाजवून दाखवायचे. कधी फोनवर बोलत बोलत पार गेटबाहेर जायचे, आणि जिला संडासात जायचं असेल ती दात-ओठ खाऊन बसून राहायची. खेळाडूला सोसता आलं पाहिजे, असं मला वाटायचं. हे शिकवणं होतं की दुसरं काही, मला कळत नव्हतं.

आमच्यात चेरीताल मोहल्ल्यातली एक कॉलेजातली मुलगी होती. राज्याच्या संघात तिची निवड होणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. तिला कमरेखाली काही जाणवत नाही. भरपूर पाणी प्यायचं आणि वेळच्या वेळी नळीने लघवी काढायची, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्या उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं की तिची बाटली भरलेली येते आणि भरलेलीच परत जाते.

"पाणी काहून पीत नाहीस गं?"

"ताई, पिलं की जावं लागते. सरांना चावी मागायची लाज वाटते. म्हणून मी सकाळपासूनच बंद करून टाकते." परीक्षेची युक्ती सांगावी तसं तिने सांगितलं.

मग ताप आला. लघवीतलं इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं होतं. दवाखान्यातून घरी आणल्यावर तिची आई मला फोनवर म्हणाली, "आता नाही पाठवत मी तिले. खेळ झेपून नाही राहिला."

खेळ तिला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त झेपत होता. पण हे सांगायचं तर कुलपाचं सांगायला हवं, आणि कुलपाचं सांगायचं तर सरांचं.

मैदानाच्या भिंतीवर एक पोस्टर आहे: खेळाडूंशी गैरवर्तन झाल्यास कळवा. त्यावर उगारलेला हात आणि रडणारी मुलगी. मी त्याच्यासमोर खूप वेळ बसले. सरांनी कधी हात उगारला नाही, शिवी दिली नाही, नजर वाकडी केली नाही. मग कळवू काय? की एका भल्या माणसाने आमच्या खुर्च्या जपून ठेवल्या?

आईला विचारलं. "खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं," ती म्हणाली, आणि पोळी लाटता लाटता थांबली. "पण पोरींना लघवीलेही जाऊ देऊन नाही राहिला? हे कोणतं मीठ, बाई?" मी आणखीनच गोंधळले, कारण मला दोन्ही पटलं.

शेवटी सरांनाच सांगितलं. शांतपणे सांगायचं ठरवलं होतं, पण मैदानभर ऐकू गेलं. ते पायरीवर बसले. "मैंने सोचा ही नहीं," एवढंच म्हणाले, आणि चावी काढून माझ्या हातावर ठेवली. "अब से तुम रखो, बेटा." मला भरून आलं. मी लगेच चेरीतालला फोन केला. "काकू, चावी आता माझ्याजवळ आहे. पाठवा तिला."

काकूंनी पाठवली. मी सगळ्यांच्या खुर्च्या नेहमीसारख्या आत ठेवायला लावल्या, कुलूप लावलं आणि खेळायला गेले. डाव रंगात आला असताना ती माझ्याजवळ आली आणि हसली. ते हसू मला चांगलं माहीत होतं. सरांकडे चावी मागायला जाताना आम्ही सगळ्या तशाच हसायचो.

"ताई, मी जरा जाऊन येऊ का? डाव झाल्यावर गेली तरी चालते."

"एवढा डाव होऊ दे," हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मला माझीच भीती वाटली.

मी कुलूप काढलं. तिची खुर्ची बाहेर ओढली. "थँक यू, ताई," ती म्हणाली. स्वतःच्याच खुर्चीसाठी! ती गेल्यावर मी बाकीच्याही एकेक बाहेर काढायला लागले. सर जवळ येऊन हळूच म्हणाले, "और चोरी हो गई तो?"

मी खुर्च्या कडेला, आमच्या डोळ्यांसमोर लावून ठेवल्या.

ती परत आली, खेळायच्या खुर्चीत बसली, पट्टा आवळला. मग बाटली उघडली आणि उभ्या उन्हात घटाघटा रिकामी केली.

"ताई," तोंड पुसत ती म्हणाली, "तुमच्याजवळ अजून पाणी आहे का?"