मेहुण्याच्या खांद्यावरून

आठवडाभर डोंगर फोडून पोट भरायचं आणि सुट्टीला त्याच डोंगराचे फोटो काढत हिंडायचं, असा माणूस पाहिलाय का कधी? आमच्या सुरुंगवाल्याचं हेच चालायचं. दगडखाणीत सुरुंग लावायचं त्याचं काम. हात राकट, आवाज फाटका, राग नाकाच्या शेंड्यावर; पण कॅमेरा घेतला की गडी तान्हं बाळ उचलल्यासारखा जपून उभा राहायचा. बायको म्हणायची, "सहा दिवस त्याला बडवता आणि सातव्या दिवशी त्यालाच सांगता, जरा हस!"

त्या रविवारी मात्र त्याच्या जिवाची नुसती तगमग चालली होती. खाणीच्या टोकाला एक सुळका होता, उंच, एकटाच. सोमवारी सकाळी तो उडवायचा हुकूम सुटला होता, आणि उडवणार कोण? हाच! मागं काळंकुट्ट आभाळ आणि सुळक्याच्या तोंडावर लख्ख ऊन, असा एक फोटो त्याला हवा होता. वर्षानुवर्षं तो त्याच्या मागे लागला होता, पण ऊन असेल तेव्हा ढग दडी मारायचे आणि ढग आले की ऊन पळायचं. आता हातात उरली होती एवढीच संध्याकाळ.

बायकोनं आपल्या भावाला त्याच्या मागे पिटाळलं. "वादळ येतंय. धरून आण त्यांना." भाऊ बेकरीवाला. पीठ मळून मळून त्याचे दंड असे झाले होते, की त्याच्या दुकानात गिऱ्हाईक पावाचा भाव करत नसे.

दोघं समोरच्या टेकाडावर पोचतात न पोचतात तोच वारा अंगावर धावून आला. सुरुंगवाल्यानं कॅमेऱ्याच्या तिपाईला धोंड्यांची पिशवी लटकावली. मग गारा सुरू झाल्या. वरून कुणी खडीचा ट्रक ओतावा तशा! एका गारेनं त्याची भुवई फोडली. रक्त डोळ्यात उतरलं, तरी हा आपला कॅमेऱ्यावर ओणवा.

"भाऊजी, चला की! मरायचंय का?"

"तू जा. तुझे पाव करपतील."

तेवढ्यात वीज कडाडली. आता सुरुंगवाल्यांची एक सवय असते. डोळ्यांपुढे लखलखाट झाला की आडवं व्हायचं, आणि शेजाऱ्यालाही आडवं पाडायचं. यानं मेहुण्याची मान धरली आणि त्याला धाडकन चिखलात तोंडावर आपटलं. बेकरीवाल्याला ही सवय कुठून ठाऊक असणार? त्याला वाटलं, भाऊजींचं डोकं फिरलं! उठून त्यानं असा ठोसा हाणला की सुरुंगवाल्याचा दात हलला. मग काय विचारता!

"बहिणीचा नवरा म्हणून गय करतोय हां!" बेकरीवाला ओरडला.

"ही गय?" म्हणत सुरुंगवाल्यानं त्याच्या पोटात गुडघा घातला.

गारांच्या माऱ्यात दोघे एकमेकांना बुकलत, चावत, लोळत गेले. त्यांची लाथ लागून तिपाईचा पाय मोडला आणि कॅमेरा सुरुंगवाल्याच्या छातीवरच येऊन पडला. तो त्यानं दोन्ही हातांनी कवटाळला, म्हणून पुढचे दोन गुद्दे फुकटात खाल्ले.

आणि ढगाखालून ऊन आलं. सुळका भडकन पेटला. मागं आभाळ काळंनिळं, मार खाल्लेल्या पाठीसारखं.

"थांब!" सुरुंगवाला किंचाळला. "बस इथं. पाठ कर माझ्याकडे."

"मागून मारणार नाही ना?"

"नंतर मारीन. आधी श्वास धर!"

त्यानं कॅमेरा मेहुण्याच्या खांद्यावर टेकवला, रक्ताळलेला गाल त्याच्या कानाला लावला आणि बटण दाबलं. लगेच ऊन गेलं, आणि गारा पुन्हा तुटून पडल्या.

घरी दोघांची थोबाडं पाहून बायकोनं आधी दोघांनाही फैलावर घेतलं, मग हळद लावली, मग फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला.

"झकास आलाय हो. पण हा कोपऱ्यात बटाटा कसला?"

"तुझ्या भावाचा कान."

"कापून टाका तेवढा," बेकरीवाला सुजल्या ओठांनी म्हणाला.

"फोटोतला की खरा?" सुरुंगवाला म्हणाला, आणि हसताना दात ठणकला म्हणून कळवळला.

सकाळी तो एकटाच सुळक्यावर चढला. पहारीनं पाडलेल्या भोकांत त्यानं सुरुंगाची दारू ठासली, नेहमीपेक्षा जास्तच.

"अरे, एवढी कशाला?" खालून मुकादम ओरडला.

"एका दमात जाऊ दे त्याला," सुरुंगवाला म्हणाला. "अर्धवट नको राहायला."