हिरव्या फडक्यातला डबा

आज सकाळी आम्ही आत्याला बसवून माती दिली.

आमच्या लिंगायतांत झोपवत नाहीत. मांडी घालून बसवतात.

घरी आले, आंघोळ केली अन् हे लिहीत बसलेय. रडायचीसुद्धा ताकद उरली नाही.

आत्या म्हणजे माझी सासू. आमच्याकडं आत्याच्या मुलाशी लग्न लागतं, कुणाला त्यात नवल वाटत नाही. मागणी तिनंच घातली होती. "माझ्या भावाची लेक माझ्याच घरात पाहिजे," म्हणाली. विषय संपला.

तसं त्याआधीही मी तिच्याच हातचं खात होते.

मी लातूरला शिकायला, आत्या चाकूरला. रोज सकाळी ती नांदेडहून येणाऱ्या एसटीत माझा डबा ठेवायची. लातूरच्या स्टँडवर डब्यांची ही रास. सगळे स्टीलचे, सगळे सारखे. पण आत्या स्वतःच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या फडक्यात बांधायची. मी लांबूनच ओळखायचे.

एकदा फडकं वाटेतच सुटलं. खूणच नाही म्हणून डबा उतरलाच नाही, त्याच गाडीनं नांदेडला परत गेला.

भाकरी झाली होती, पिठलं झालं होतं, गाडीही टायमावर होती. मी मात्र उपाशी.

पुढं मी लातूरलाच क्लासमध्ये बायोलॉजी शिकवायला लागले. "गॉल्जी म्हणजे पेशीचं पार्सल ऑफिस." दर बॅचला हेच वाक्य. पोरं लिहून घ्यायची, मी पुढच्या पॉइंटला जायचे.

मग सई झाली. माझी मुलगी.

सांधे आखडलेले. मुठी पुरत्या उघडायच्या नाहीत. वय वाढायचं, पोर वाढायची नाही.

रिपोर्ट आला तेव्हा नवरा खूश झाला. "एंझाइम रक्तात भरपूर हाय म्हणून लिहिलंय. मग चांगलंच की."

मी रिपोर्ट हातात घेऊन पुन्हा वाचला.

ते एंझाइम रक्तात नको होते हो. पेशीच्या आत, जिथं पेशी आपला कचरा जिरवते तिथं हवे होते. हा धडा मी शिकवला होता.

त्या दिवसापासून आत्यानं सईला उचलणं सोडलं. नात्यातल्या लग्नामुळं झालं, असं दवाखान्यात कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं. दूध तापवायची, लंगोट धुवायची, पण मांडीवर घ्यायची नाही. "माझ्याच हातानं झालंय हे. माझा हात नको लागायला," म्हणायची.

एका दुपारी स्वयंपाकघरात तिनं विचारलं, "पोरी, तू हेच शिकवतीस ना? मग मला नीट सांग. काय झालंय तिला?"

मी म्हणाले, "आत्या, पेशी प्रोटीन बनवते. काही प्रोटीनवर साखरेची एक खूण लागते. तुझं हिरवं फडकं समज. ती खूण ओळखून त्याला धरणारे पेशीत बसलेले असतात. ते त्याला बारक्या पिशवीत भरून जाग्यावर धाडतात. सईचं प्रोटीन बनतंय. फडकं तेवढं बांधलं जात नाही. मग ते जातं पेशीच्या बाहेर, रक्तात."

"अन् आत?"

"आत कचरा साठत राहतो."

"फडकं कामून बांधलं जात न्हाई?"

"ते बांधणारंच आत तयार होत नाही. हा बिघाड अर्धा तुझ्या लेकाकडून आला, अर्धा माझ्याकडून. आपल्या घरातच पहिल्यापासून असणार. एकट्या अर्ध्यानं काही होत नाही, म्हणून कुणाला कळलं नाही."



"म्हंजे मी सोयरीक जुळवली नसती तर?"

खोटं बोलता आलं असतं. पण मी इतकी दमले होते की खोटंही सुचेना.

"तर हे झालं नसतं, आत्या. अन् सईबी झाली नसती."

 तिनं हात पदराला पुसले, भिंतीला टेकून मांडी घातली.

"आण तिला हिकडं."

त्यानंतर सई तिथंच असायची. जेवताना, टीव्ही बघताना, शेजारणीशी भांडतानासुद्धा. "लई जड झालीस गं माय," आत्या म्हणायची. सई जड नव्हती. तिचं वजन वाढतच नव्हतं.

सई गेली तीही त्याच मांडीवर. चाकूरच्या शेतात बांधाकडेला तिला माती दिली.

नंतर आत्यानं माझ्याकडं एकच मागणं मागितलं होतं. "मला तिच्याशेजारी बसवा."

आज बसवलं.

डब्याचं एक हिरवं फडकं मी कपाटात जपून ठेवलं होतं. सकाळी सोबत नेलं होतं, तिच्याजवळ ठेवावं म्हणून. पण ठेवलं नाही. दोघींत हातभर अंतर आहे. चुकामूक व्हायचं काही कारण नाही.

आमच्या लिंगायतांचा नमस्कार करते: शरणार्थ, आत्या.

मांडी मोकळी आहे. घे तिला.