डोळ्यात गॅस आणि पुढे घाट

"पडदा सुटलाय," डॉक्टर म्हणाले. रेटिनल डिटॅचमेंट, म्हणजे डोळ्याच्या आत मागच्या बाजूला चिकटलेला पडदा निसटणं. लगेच ऑपरेशन केलं नाही तर उजवा डोळा गेला. दोन आठवडे डोळ्यापुढे काळे ठिपके नाचत होते आणि मी वह्या तपासत बसले होते. म्हणे विज्ञानाच्या बाई!

बेळगावात ऑपरेशन झालं. पडदा दाबून धरायला डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला. मग जवळच हिंडलग्याच्या घरी दिवसभर मान खाली, टेबलाला कपाळ टेकून, म्हणजे बुडबुडा वर चढून पडद्यावर टेकतो. भेटायला येणाऱ्यांची फक्त पावलं दिसायची. त्यातल्या प्रत्येकाला डॉक्टरपेक्षा जास्त कळत होतं.

दहाव्या दिवशी उजव्या डोळ्याला वरच्या अर्ध्या भागात दिसू लागलं. खाली काळं पाणी भरल्यासारखं, चाललं की डुचमळायचं. "गॅस पूर्ण विरेपर्यंत विमान नाही, घाट नाही," डॉक्टरांनी बजावलं होतं. उंचावर हवेचा दाब कमी होतो, गॅस फुगतो. हे मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलंय.

आमची कुलदेवी गोव्यात. दुखण्यातून उठलं की ओटी भरायची, हा घरचा नेम. थोरले दीर, आप्पा, गाडी घेऊन दारात हजर. मी घाटाचं काढलं.

"इमानाचं सांगितलंय गं त्येनी. आपण तर खाली चाललोय न्हवं!"

परत वर यायचंय, एवढंसुद्धा मी बोलले नाही.

देवळात पोचेपर्यंत काळ्या पाण्याची पातळी जरा उतरली. खाली दाब जास्त, म्हणून गॅस आकसला होता. "बघ, पावली देवी!" आप्पा म्हणाले. विज्ञानाच्या बाईंनीही हात जोडले.

परतताना अर्ध्या घाटात पातळी वर चढू लागली. खाली गॅस आकसला तेव्हा मोकळी झालेली जागा डोळ्यातल्या पाण्याने भरली होती, आता फुगायला जागाच नव्हती. डोळ्यात ठणका, उलटी, मग उजवीकडे सगळं राखाडी आणि शेवटी अंधार.

"जरा कळ काढ. आलंच बेळगाव."

"गाडी मागं फिरवा, आप्पा. आत्ता!" तीस वर्षांत त्यांच्यावर पहिल्यांदा ओरडले.

खाली उतरलो तसा उजेड परतला. डॉक्टर फोनवर म्हणाले, "वर येऊ नका. तिथेच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा." दाखवलं. गॅस विरेपर्यंत देवळाच्या भक्तनिवासात मान खाली घालून पडून राहिले.

नजर वाचली, दोन्ही डॉक्टरांचे उपकार. त्या डोळ्याला दाराची चौकट अजून वाकडी दिसते. आप्पा गावभर सांगतात, देवीनं ठेवून घेतलं. सांगोत बापडे, त्यांना दाबाचा नियम कुठे ठाऊक होता? मला ठाऊक होता. तरी मी गाडीत बसले, कारण दीर रुसतील याची मला डोळ्यापेक्षा जास्त काळजी होती.